पावणेनऊ सेंटिमीटरची वाघीण

रविवारी सकाळी साडेदहा वाजले की आमच्या सिंगापूरच्या घरात कुर्डुवाडीचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे तेव्हा आठ वाजलेले असतात. बाबांचं फिरणं, अंघोळ, देवपूजा सगळं उरकलेलं असतं. चार वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून हा फोन हळूहळू आक्रसत गेला होता. ‘जेवलास का?’, ‘पाऊस आहे का तिकडं?’, ‘गोळ्या घेतल्या का बाबा?’ आणि ‘बरं ठेवू मग.’ चार मिनिटं, फार तर पाच. परदेशात राहणाऱ्या बहुतेकांना हा फोन ओळखीचा वाटेल.

दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका रविवारी फोन माझ्या सात वर्षांच्या लेकीनं उचलला. बाबांनी विचारलं, ‘बाबा काय करतोय गं?’ ती म्हणाली, ‘आजोबा, बाबा वाघीण करतोय.’

पलीकडे क्षणभर शांतता. मग बाबा म्हणाले, ‘मातीची का कागदाची?’

‘प्लॅस्टिकची. तिला चाकं आहेत.’

तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. रेल्वेच्या मालडब्याला मराठीत वाघीण म्हणतात. इंग्रजी ‘वॅगन’चं आपल्या लोकांनी केलेलं हे रूप. सिंहाच्या नावाच्या या शहरात, एचडीबीच्या अकराव्या मजल्यावर, मी माझ्या गावाच्या रेल्वेची वाघीण बनवत होतो. त्या दिवशी आमचा फोन चाळीस मिनिटं चालला.

सुरुवात मात्र गावाच्या आठवणीनं झाली नव्हती. लेकीच्या वाढदिवसाला जपानी बनावटीचा एक छोटा ट्रेन सेट आणला होता. इथं अशा गाड्या सहज मिळतात. नऊ मिलिमीटर रुंदीचा रूळ, साडेएकवीस सेंटिमीटर त्रिज्येची वळणं. १२० बाय ६० सेंटिमीटरच्या एका फळीवर सगळा संसार मावतो आणि रात्री फळी पलंगाखाली सरकवता येते. लेक आठवडाभर खेळली, मग कंटाळली. मी नाही कंटाळलो.

त्याच सुमारास आम्ही इथल्या रेल कॉरिडॉरवर फिरायला जाऊ लागलो. मलेशियाची रेल्वे पूर्वी थेट तांजोंग पगार स्टेशनापर्यंत यायची. ३० जून २०११ ला तिथून शेवटची गाडी सुटली, रूळ निघाले आणि आता त्या २४ किलोमीटरच्या मार्गावर लोक पळतात, सायकली चालवतात. बुकित तिमाहचा जुना लोखंडी पूल जपून ठेवलाय. त्या पुलावर उभं राहून मी लेकीला सांगत होतो, ‘इथून गाडी जायची.’ तिनं विचारलं, ‘तुझ्या गावाला होती अशी गाडी?’

होती. आणि तीही गेली.

माझ्या वयाच्या सोलापूर, लातूर, सांगलीकडच्या लोकांना ‘बार्शी लाइट’ म्हटलं की लगेच कळेल. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरच्या डोक्यातली ही अडीच फुटी रेल्वे. बार्शी ही मोठी बाजारपेठ, पण मुख्य रेल्वेमार्ग तिच्यापासून वीस-बावीस मैलांवर. सगळा माल बैलगाडीनं यायचा. १८९७ साली कुर्डुवाडी, म्हणजे तेव्हाचं बार्शी रोड स्टेशन, ते बार्शी ही गाडी सुरू झाली. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज. १९५४ मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्यानं सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. सोय झाली, यात वादच नाही. लातूरहून मुंबईला थेट जाता येऊ लागलं. पण आजीच्या मांडीवर बसून मी ज्या गाडीनं पंढरपूरला गेलो, ती कायमची थांबली.

माझे आजोबा, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये सुतार होते. ते गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मला आठवतात ते त्यांचे जाड चष्मे आणि कानामागची पेन्सिल. कामाबद्दल मी त्यांना कधी काही विचारलं नाही. नऊ वर्षांचं पोर काय विचारणार?

मॉडेल रेल्वे म्हणजे काय ते मी पहिल्यांदा पुण्यात पाहिलं. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला असताना मित्रांबरोबर कोथरूडला जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात गेलो होतो. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभर जमवलेलं, बनवलेलं ते छोटं शहर १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. दिवे मंद होतात, गाड्या धावू लागतात आणि मोठी माणसं काचेला नाक लावून उभी राहतात. तिथल्या गाड्या ‘एचओ’ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या.

हा ८७ चा आकडा डोक्यात राहिला होता. एका रात्री ऑफिसचं काम संपल्यावर सहज एक्सेल उघडलं. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागिले ८७. उत्तर आलं ८.७६. पावणेनऊ मिलिमीटर! पलंगाखालचा जपानी रूळ नऊ मिलिमीटरचा होता. आपली ब्रॉडगेज याच मापात करायची तर सव्वाएकोणीस मिलिमीटरचा रूळ लागतो आणि बाजारात मिळतो तो साडेसोळाचा, त्यामुळे भारतीय गाड्यांची मॉडेल करणारे तिथं तडजोड करतात. बार्शी लाइटला मात्र पाव मिलिमीटरचाच फरक. म्हणजे माझ्या गावाची रेल्वे माझ्या पलंगाखाली आधीच आलेली होती, फक्त डबे दुसऱ्याचे होते.

दुसरा सुखद धक्का कॅलथ्रॉपनं दिला. या माणसाचा एक साधा नियम होता. इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नको, आणि सगळ्या आसांवर भार सारखा हवा. म्हणजे हलके रूळ चालतात आणि त्यावरून भरपूर माल नेता येतो. त्यानं मालडब्यांच्या सांगाड्याचं मापही एकच ठरवलं, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा सांगाडा, खाली दोन बोगी, चार आस. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला ‘स्टँडर्ड प्लॅटफॉर्म’ म्हणतो, ते त्यानं सव्वाशे वर्षांपूर्वी लोखंडात केलं होतं. (हाच गृहस्थ पुढे पॅराशूटही बनवत होता, पण तो वेगळा विषय.) २५ फूट भागिले ८७ केलं तर ८७.६ मिलिमीटर. म्हणजे रूळ पावणेनऊ मिलिमीटर आणि वाघीण पावणेनऊ सेंटिमीटर. बरोबर दहा पट. इतका सुबक हिशेब पाहिल्यावर हात शिवशिवणारच.

पहिली वाघीण बिघडली. दुसरीही. मॉडेल बनवणं म्हणजे चिकटवाचिकटवी, असा माझा समज होता. प्रत्यक्षात निम्मं काम मापाचं आहे. एक मिलिमीटर जाडीची पांढरी प्लॅस्टिकची शीट घ्यायची, पोलादी पट्टी धरून कटरनं दोन-तीनदा हलकी रेघ ओढायची आणि मग वाकवून तोडायची. जोर लावून एकदाच कापायला गेलं की पट्टी सरकते आणि कडा वाकडी येते. बाजूच्या दोन भिंती एकत्र धरून घासल्या नाहीत तर एक केसभर मोठी राहते आणि छप्पर बसत नाही. जोडायला गोंद नव्हे, पातळ द्रावण लागतं. ते फटीत आपोआप शिरतं, प्लॅस्टिक जरा विरघळवतं आणि दोन्ही तुकडे एकजीव होतात. चुकलं तर सोडवता येत नाही. ‘अन्डू’ नसलेलं काम मी कितीतरी वर्षांनी करत होतो.

मग बारकावे. एक इंची रिव्हेटचं डोकं या मापात जेमतेम ०.३ मिलिमीटर. पाव मिलिमीटरच्या पातळ पट्टीवर मागून बोथट सुईनं दाब दिला की पुढे बारीक पुळी येते. एका बाजूला साठ-सत्तर पुळ्या. ओळ वाकली की पट्टी कचऱ्यात. पकडायच्या कड्या ०.३ मिलिमीटरच्या पितळी तारेच्या, त्यासाठी हातानं फिरवायचं ड्रिल. बायको एकदा म्हणाली, ‘घरातला नळ महिनाभर गळतोय, तो एवढ्या मन लावून कधी बघणार?’ प्रश्न रास्त होता.

सिंगापूरच्या हवेनंही धडा दिला. स्प्रेनं रंग मारायला कॉमन कॉरिडॉरमध्ये जावं तर शेजाऱ्यांना वासाचा त्रास, आणि इथल्या दमट हवेत वरचा मॅट थर वाळताना त्यावर साय धरल्यासारखा पांढुरका पडदा येतो. तिसऱ्या वाघिणीचा असा भुताटकीचा रंग झाल्यावर मी पाण्यात मिसळणारे रंग आणि ब्रशवर आलो. पातळ थर, वाळू द्या, पुन्हा पातळ थर.

रविवारी बाबा प्रगती बघायचे. रिटायर्ड शिक्षक ते, तपासल्याशिवाय सोडणार नाहीत. तिसरी वाघीण रंगवून, तिच्यावर खडूची पूड चोळून छान धुळकट केली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. बाबा म्हणाले, ‘ही गाडी कोकणातली आहे का रे?’

‘का?’

‘धूळ तांबडी लावलीयस. आपल्याकडं काळी माती. वाळली की राखेसारखी दिसती. आणि खालच्या बाजूला जास्त, वर कमी.’

मी ती धूळ पुसली. बाहेरच्या देशांतल्या मॉडेलवाल्यांचं बघून लावली होती.

मोठी अडचण चौथ्या वाघिणीची झाली. ही मनासारखी जमली होती, पण वळणावर हमखास रुळावरून उतरायची. आधी वजन कमी असेल म्हणून वजन वाढवलं. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांचा एक ठोकताळा आहे, त्या हिशेबानं अरुंद रुळाच्या एवढ्या डब्याला पन्नास-साठ ग्रॅम हवेत. आत शिसं घालण्याऐवजी मला वेगळंच सुचलं. वाघिणीची आतली रुंदी साडेबावीस मिलिमीटर, आणि आपली स्टीलची आठ आण्याची नाणी बावीस मिलिमीटरची. ड्रॉवरमध्ये कधीची पडून होती. आठ नाणी बसवली, जवळपास तीस ग्रॅम. त्या नाण्यांना बाजारात किंमत उरली नाही, इथं कामाला आली. तरीही वाघीण उतरायची ती उतरायचीच.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘दोन्हीकडच्या बोगी किती घट्ट बसवल्यास?’

‘दोन्ही सारख्याच. थोड्या सैल.’

‘अण्णा घरी तिवई करायचे तेव्हा म्हणायचे, चार पायांचं स्टूल करायला शहाणा सुतार लागतो, तिवईला कुणीपण चालतो. तिवई कधी लंगडती का रे? तीन पाय कुठंही ठेव, बसणारच.’

फोन ठेवल्यावर लक्षात आलं. एक बोगी अशी बसवायची की ती फक्त पुढे-मागे हलेल, डावी-उजवीकडे कलणार नाही. हे झाले दोन पाय. दुसरी बोगी मधल्या एकाच टेकूवर सगळीकडे हलती ठेवायची. हा तिसरा. रूळ कुठं जरा वर-खाली असला तरी आठही चाकं टेकलेली राहतात. मॉडेल बनवणाऱ्यांच्या पुस्तकात हे असतं, मी वाचलंही होतं, पण डोक्यात शिरलं ते तिवईमुळे. त्या रात्री वाघीण शंभर फेऱ्या फिरली. एकदाही उतरली नाही.

यानंतर आमच्या फोनची दिशाच बदलली. मी प्रश्नांची यादी करून ठेवू लागलो. वर्कशॉपचा भोंगा किती वाजता व्हायचा? अण्णा डबा घेऊन जायचे की जेवायला घरी यायचे? एका रविवारी बाबांनी सांगितलं की आषाढीला गर्दी इतकी व्हायची की आजी एकदा मालडब्यात बसून पंढरपूरला गेली होती, खाली गवत अंथरून. ‘तुला कधी सांगितलं नाही का?’ नव्हतं सांगितलं. मीही विचारलं नव्हतं.

बाबांना जे आठवेना ते विचारायला ते एका काकांकडे जायचे. अण्णांच्या हाताखाली वर्कशॉपमध्ये शिकलेले, वय ऐंशीच्या पुढे, रोज संध्याकाळी पिंपळाच्या पारावर बसणारे. वाघिणीवरची अक्षरं कशी होती, हे त्यांनीच सांगितलं. मी कॉम्प्युटरवर सुबक फाँट निवडून ठेवला होता. काका म्हणाले, पेंटर पत्र्याचा ठसा लावून रंग मारायचा, त्यामुळे अक्षर अखंड नसायचं, मध्ये मध्ये तुटायचं. ठशाचा मधला तुकडा गळून पडू नये म्हणून पत्र्याचे बारीक सांधे ठेवावेच लागतात. म्हणजे ‘मध्य रेल्वे’चा ‘म. रे.’ लिहिला तर त्याची शिरोरेघ तुटलेली हवी. सहा इंची अक्षर माझ्याकडे पावणेदोन मिलिमीटरचं होतं, त्यात केसाएवढी फट. पण ती ठेवली आणि वाघीण एकदम खरी दिसायला लागली.

मग मी पुढचा प्रश्न पाठवला. एका टोकाला हातब्रेक कसा होता? चाक होतं की दांडा? नेमका कुठं? माझ्याकडे जमलेल्या जुन्या फोटोंत डब्याचं दुसरंच टोक दिसतं. बाबा म्हणाले, उद्या पारावर विचारतो. त्या आठवड्यात इथं माझं प्रोजेक्ट डिलिव्हरीला होतं, फोन झालाच नाही. पुढच्या रविवारी बाबांनी सांगितलं, ‘काका गेले रे. मंगळवारी. मी सोमवारी जाणार होतो, पण पाऊस लागला होता.’

कदाचित कुठल्या कपाटात तो नकाशा असेल, कुणाच्या अल्बममध्ये फोटो असेल, कधीतरी मिळेलही. अंदाजानं काहीतरी लावता आलं असतं, ०.३ मिलिमीटरच्या तारेत कुणाला काय कळणार होतं? पण नाही लावलं. त्या टोकाला एक जागा मोकळी आहे. बघणाऱ्याला ती दिसत नाही, मला दिसते.

गेल्या गणपतीत आम्ही घरच्या आराशीत फळी मांडली. मागे पुठ्ठ्याचं पंढरपूरचं देऊळ लेकीनं रंगवलं, पुढे ‘कुर्डुवाडी’ अशी पिवळी पाटी आणि बाप्पांभोवती फिरणारी पाच वाघिणींची गाडी. इंजिन अजून जपानीच आहे, ते पुढच्या वर्षी. आरतीला इथली मराठी मंडळी आली होती. मुलं गाडीभोवती जमली हे अपेक्षितच होतं. पण मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या एक आजी पाटी वाचून खाली मांडी घालून बसल्या. ‘मी लातूरची,’ म्हणाल्या. ‘लग्न होऊन बार्शीला याच गाडीनं आले.’ मग त्या बोलत राहिल्या, आणि त्यांची मुलगी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, ‘हे आईनं आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं.’

मला माझेच शब्द ऐकू आल्यासारखं झालं.

सहावी वाघीण परवा पूर्ण झाली. खऱ्या मालडब्यावर कोपऱ्यात वर्कशॉपची खूण आणि मोठ्या दुरुस्तीची तारीख लिहिलेली असते. कोणती तारीख घालू, म्हणून बाबांना विचारलं. मला वाटलं, म्हणतील तुझ्या मनाला येईल ती घाल. त्यांनी विचारच केला नाही. ‘३१-५-७८ घाल,’ म्हणाले. ‘अण्णांचा कामावरचा शेवटचा दिवस. त्या दिवशी घरी आले आणि पेन्सिल कानामागंच राहिली होती.’

पाऊण मिलिमीटरची अक्षरं आहेत ती. भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. लेकीनं भिंग धरून एकेक आकडा मोठ्यानं वाचला आणि फोनवर पलीकडे बाबांनी ‘बरोबर’ म्हणून खूण केली, वही तपासल्यासारखी.

तुमच्या घरी वाघीण नसेल. पण गिरणी असेल, माग असेल, एसटीचा डेपो असेल, एखादं दुकान असेल, ज्यात कुणाचं तरी आयुष्य गेलं आणि ज्याबद्दल तुम्ही कधी काही विचारलं नाही. ‘जेवलात का’ विचारून झालं की आणखी एक प्रश्न विचारा. अगदी छोटा चालेल. भोंगा किती वाजता व्हायचा, एवढाही पुरतो. आणि सोमवारी विचारायचा असेल तर पाऊस असला तरी सोमवारीच विचारा.